हवानाचे साखरसम्राट: ‘शुगर किंग्ज’चे सात मोसम

६ ऑक्टोबर १९५९. हवानाच्या ग्रान स्टेडियममध्ये नवव्या इनिंगला मोरेहोनची हिट बसली आणि यजमान ‘शुगर किंग्ज’नी मिनियापोलिसच्या ‘मिलर्स’ना ३-२ असं हरवून ज्युनियर वर्ल्ड सिरीज खिशात घातली. अव्वल मेजर लीगच्या खालच्या, म्हणजे मायनर लीग बेसबॉलमध्ये याहून मोठा मान नव्हता. नऊ महिन्यांनी, जुलै १९६०मध्ये, हाच संघ हवानातून उचलून अमेरिकेतल्या जर्सी सिटीला नेण्यात आला. जिंकत असलेला संघ असा मधेच का गेला, हे समजायला क्युबाचं राजकारण आणि संघाचे मालक बॉबी मादुरो यांची जिद्द, दोन्हींकडे पाहावं लागतं.

क्युबाला बेसबॉल अमेरिकेने १९५०च्या दशकात शिकवला असं कुणी समजू नये. तिथली व्यावसायिक हिवाळी लीग १८७८पासून चालू होती. अल्मेंदारेस आणि हबाना या दोन संघांच्या चुरशीत अख्खं शहर दोन तटांत विभागलं जाई. अमेरिकेच्या मेजर लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७पर्यंत दाराबाहेर ठेवलं. क्युबाच्या लीगमध्ये ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच खेळत होते. खेळाडू तयार होते, प्रेक्षक तयार होते. नव्हता तो अमेरिकी बेसबॉलच्या उतरंडीत वरच्या पायरीवरचा संघ.

ती उतरंड थोडक्यात अशी. वर मेजर लीग, तिच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या, आणि त्यांतली सर्वांत वरची ट्रिपल-ए. मायनर लीगचे बहुतेक संघ एखाद्या मेजर लीग संघाशी बांधलेले असतात. तिथले बरेचसे खेळाडू वरच्या संघाच्या मालकीचे. वरून बोलावणं आलं की चांगला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) ऐन मोसमात उठून जातो आणि खालच्या संघाने काही बोलायचं नसतं.

१९४६ ते १९५३ या काळात हवानात ‘हवाना क्युबन्स’ हा संघ फ्लोरिडा इंटरनॅशनल लीगमध्ये, म्हणजे बऱ्याच खालच्या पायरीवर खेळत होता. रोबेर्तो उर्फ बॉबी मादुरो यांनी तो विकत घेतला. १९१६ साली हवानात जन्मलेले मादुरो श्रीमंत घरातले, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. १९४६मध्ये उघडलेलं ग्रान स्टेडियम बांधणाऱ्यांपैकी ते एक. पैसा होता, मैदान होतं, आणि मनात एक गोष्ट पक्की होती: हवानाला एक दिवस मेजर लीगचा संघ मिळाला पाहिजे. १९५४मध्ये इंटरनॅशनल लीग या ट्रिपल-ए लीगमधली जागा त्यांनी मिळवली आणि संघाला देशाच्या मुख्य पिकावरून नाव दिलं. घोषवाक्य होतं, ‘उन पासो मास इ येगामोस’. आणखी एक पाऊल, की पोचलोच.

लीगमधले बाकीचे संघ रॉचेस्टर, बफेलो, टोरोंटो, मॉन्ट्रियल, रिचमंड अशा शहरांचे. कॅनडाच्या थंडीतून विमानाने थेट हवानाच्या दमट रात्रीत उतरायचं, हा त्या खेळाडूंसाठी मोसमातला सर्वांत वेगळा दौरा असे. उलट दिशेने क्युबनांना जे सोसावं लागे ते जास्त कडवट होतं. रिचमंड व्हर्जिनियात, आणि तेव्हा तिथे वर्णभेद कायद्यानेच चालत होता. हवानात एका डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकांवर, बसणारे खेळाडू तिथे एका हॉटेलात राहू शकत नव्हते. संघाच्या यशापयशाचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा गळते. ती गळू नये असं मला मनापासून वाटतं.

१९५५पासून संघ सिनसिनाटीच्या मेजर लीग संघाशी जोडला गेला. लिओ कार्देनास, कुकी रोहास, माइक क्वेयार, टोनी गोन्सालेस ही पुढे मेजर लीगमध्ये गाजलेली मंडळी इथे घडली. व्हेनेझुएलाचा एलिओ चाकोन आणि पोर्तो रिकोचा लुइस अरोयोही इथलेच. क्वेयारने १९६९मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार विभागून पटकावला. एवढं पीक इतक्या थोड्या वर्षांत काढणारा संघ कच्चा कसा म्हणायचा?

पण १९५७-५८ मध्ये हवानात बॉम्ब फुटू लागले. हुकूमशहा बातिस्ताच्या राजवटीविरुद्धचा लढा शहरात शिरला, रात्रीच्या सामन्यांना लोक येईनात आणि मादुरो तोट्यात गेले. १ जानेवारी १९५९ला बातिस्ता पळून गेला. नवं सरकार संघाच्या मुळावर येईल अशी भीती होती, घडलं उलटंच. फिडेल कॅस्ट्रोला हा संघ हवा होता. (त्याला अमेरिकेच्या एका बड्या संघाने करार देऊ केला होता ही कथा मात्र खोटी आहे. तो हौशी खेळाडू होता, एवढंच.) २४ जुलैला त्याने ‘बार्बुदोस’, म्हणजे दाढीवाले, या संघातर्फे लष्करी पोलिसांविरुद्धच्या प्रदर्शनी सामन्यात पिचिंग केलं. क्रांतीतला त्याचा साथी कामिलो सिएनफ्वेगोस प्रतिस्पर्ध्यांकडून खेळणार होता, पण फिडेलच्या विरुद्ध उभं राहायला त्याने नकार दिला.

पुढच्याच रात्री ती घटना घडली जिने सगळं फिरवलं. रॉचेस्टरविरुद्धचा सामना लांबत गेला. मध्यरात्र उलटून २६ जुलै लागला, म्हणजे क्रांतीच्या चळवळीचा वर्धापनदिन, आणि स्टेडियमच्या आतबाहेर लोकांनी आनंदाने हवेत गोळ्या झाडल्या. अकराव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरचे मॅनेजर कॉट डील यांना पंचांनी मैदानाबाहेर काढलं होतं, म्हणून त्यांच्या जागी तिसऱ्या बेसजवळ फ्रँक व्हर्डी कोच म्हणून उभा होता. खाली येणारी एक गोळी त्याच्या टोपीला लागून खांद्याला चाटून गेली. टोपीच्या आत फलंदाज वापरतात ते प्लॅस्टिकचं अस्तर होतं, म्हणून तो वाचला. हवानाचा शॉर्टस्टॉप कार्देनास याच्याही खांद्याला गोळी चाटून गेली. ४-४ वर सामना थांबवला गेला. रॉचेस्टरने दुसऱ्या दिवशी खेळायला नकार दिला आणि संघ मायदेशी परतला.

तरीही मोसम पुरा झाला, आणि कसा! मॅनेजर प्रेस्टन गोमेसच्या हाताखाली लीगमध्ये तिसऱ्या आलेल्या शुगर किंग्जनी प्लेऑफमध्ये कोलंबसला सलग चार सामन्यांत गुंडाळलं, मग रिचमंडला हरवलं. ज्युनियर वर्ल्ड सिरीजचे पहिले सामने मिनियापोलिसमध्ये झाले. सप्टेंबरअखेरची तिथली थंडी क्युबनांना इतकी असह्य झाली की डगआउटमध्ये कचऱ्याच्या टोपलीत जाळ करून ते हात शेकत बसले. पहिला सामना बघायला तीन हजार माणसंही नव्हती. हवामान आणखी बिघडलं तेव्हा उरलेली सगळी मालिका हवानात न्यायचं ठरलं.

इथे चित्र पालटलं. हवानातल्या पाच सामन्यांना मिळून लाखाहून अधिक लोक आले. मैदानाभोवती, अगदी डगआउटजवळही, बंदूकधारी सैनिक. मिलर्सकडे वीस वर्षांचा कार्ल यस्त्रेम्स्की होता, पुढे बॉस्टनचा दिग्गज झालेला. सातव्या सामन्यात मिलर्स २-०ने पुढे होते. आठव्या इनिंगमध्ये बरोबरी झाली, नवव्यात मोरेहोन. क्युबातल्या लोकांना आपण मेजर लीगच्या उंबरठ्यावर आहोत असं त्या रात्री वाटलं असेल, तर ते फाजील नव्हतं.

१९६० उजाडलं ते वेगळ्याच वातावरणात. क्युबाने परदेशी मालमत्ता ताब्यात घेणं आणि अमेरिकेने साखरेची आयात तोडणं, हे दोन्ही एकमेकांना उत्तर म्हणून चालू होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्युबन साखरेचा कोटा कापला आणि दोनच दिवसांत, संघ दौऱ्यावर असताना, लीगने स्थलांतर जाहीर केलं. कारण दिलं गेलं खेळाडूंच्या सुरक्षिततेचं. वर्षापूर्वीच्या गोळीबारानंतर ते अगदीच निराधार नव्हतं, पण त्या गोळीबारानंतरही ज्युनियर वर्ल्ड सिरीजचे पाच सामने हवानात सुखरूप पार पडले होते. माझ्या मते हा निर्णय राजकीय होता आणि तो खेळाच्या माथी मारला गेला. त्या मोसमाचे मॅनेजर टोनी कास्तान्यो क्युबाला परतले. त्यांची जागा नेपोलियन रेयेस यांनी घेतली. खेळाडूंपुढे प्रश्न उभा राहिला तो घर की व्यवसाय असा, आणि ठरवायला वेळ जवळपास नव्हताच.

‘जर्सी सिटी जर्सीज’ या नावाने संघ रुझवेल्ट स्टेडियममध्ये खेळू लागला. १९४६मध्ये जॅकी रॉबिन्सन, पुढच्याच वर्षी मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा, मॉन्ट्रियलकडून पहिला सामना खेळला ते हेच मैदान. पण या पाहुण्या संघाशी गावाचं नातं जुळलं नाही. १९६१चा मोसम संपला आणि तो तिथूनही गेला. क्युबात त्याच वर्षी व्यावसायिक बेसबॉल बंद झाला आणि ग्रान स्टेडियमचं नाव एस्तादिओ लातिनोअमेरिकानो झालं.

मादुरोंची क्युबातली मालमत्ता जप्त झाली. अमेरिकेत त्यांनी पुढे बेसबॉल कमिशनरच्या कार्यालयात लॅटिन अमेरिकेशी संबंधांचं काम पाहिलं, आणि १९७९मध्ये साठी ओलांडल्यावर पुन्हा डाव मांडला: मायामी, काराकास, माराकाइबो, पनामा, सांतो डोमिंगो आणि पोर्तो रिको यांची इंटर-अमेरिकन लीग. मायामीचा ‘अमिगोस’ संघ डेव्ही जॉन्सनच्या हाताखाली ५१ सामने जिंकला, २१ हरला, आणि ३० जूनला लीगच गुंडाळली गेली. हे अपयश मात्र हवानासारखं नव्हतं. विमानप्रवास, व्हिसा, पाऊस आणि रिकामी तिजोरी यांचं गणित आधीच मांडायला हवं होतं. ते नीट मांडलं गेलं नाही. हवानात गणित जमलं होतं. मादुरो १९८६मध्ये वारले, आणि मेजर लीगचा संघ अमेरिका व कॅनडाबाहेरच्या कुठल्याही शहराला अजून मिळालेला नाही.