महिला-मुलींच्या संस्थांसाठी सामूहिक ग्रँट (मुंबई)

सामूहिक ग्रँट म्हणजे बऱ्याच जणांनी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी जमा करायचे आणि त्यातून बायका-मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थांना परत न मागता द्यायचे, ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत. कर्ज नसतं त्यामुळे व्याज नाही, पण हिशोब द्यावाच लागतो. देणगीपेक्षा हे वेगळं कारण देणगी माणूस मनात आलं की देतो, इथे अर्ज असतो, छाननी असते, कुणीतरी वस्तीत येऊन काम बघून जातं आणि मग पैसे जमवणारे एकत्र बसून ठरवतात की या वर्षी कुणाला द्यायचं. हे "कोण ठरवतं" प्रकरणच सगळ्यात महत्त्वाचं, बाकी पैसा काय, पैसा सगळीकडून सारखाच दिसतो.

मुंबईत ही पद्धत शुद्ध स्वरूपात कमीच सापडते. इथल्या बहुतेक महिला संस्था जुने ट्रस्ट, कंपन्यांचा सीएसआर (कायद्याने सामाजिक कामावर घालायचा पैसा), परदेशी फंड, सरकारी योजना आणि ओळखीपाळखीतली वर्गणी असं सगळं जोडून वर्ष काढतात, म्हणून या नोंदीत त्या सगळ्यांबद्दल थोडं थोडं येणार.

पद्धत कुठून आली

एका शहरातल्या लोकांचा पैसा एका फंडात ठेवून त्याच शहरासाठी वापरायचा, ही कम्युनिटी फाउंडेशनची कल्पना अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १९१४ साली सुरू झाली. मुंबईत त्याच धर्तीवर १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट निघाला. फक्त महिलांच्या संस्थांना पैसे देणारे वेगळे फंड त्याआधी जगात सुरू झाले होते, ॲमस्टरडॅमचा मामा कॅश १९८३ चा आणि अमेरिकेतला ग्लोबल फंड फॉर विमेन १९८७ चा. गिव्हिंग सर्कल हा त्यातला घरगुती प्रकार, दहा-वीस जणी किंवा जण वर्षाला ठरावीक रक्कम टाकतात आणि मतदान करून संस्था निवडतात. भिशीसारखंच जमा होतं, फक्त नंबर कुणाचा लागणार ते चिठ्ठीवर नसतं आणि पैसे घरी येत नाहीत.

मुंबईतला जुना इतिहास

पण मुंबईला हे कुणी बाहेरून शिकवलं असं समजू नका. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये इथेच, चौपाटीजवळ, शारदा सदन (विधवा आणि मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह) सुरू केलं ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. तिथल्या लोकांनी १८८७ मध्ये असोसिएशन काढून दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं, म्हणजे आजच्या भाषेत मल्टि-इयर ग्रँट, जी आज मिळायला नाकी नऊ येतात. अट अशी की सदनात धर्माची शिकवण द्यायची नाही. सदन १८९० मध्ये पुण्याला गेलं, मग काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली. पैसा बॉस्टनचा, भरवसा इथल्या समाजाचा, मुली कुणाच्या तरी घरच्या, आणि मधे एकटी बाई. महिला संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ही गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी वाटणार नाही.

मुंबईचं सेवासदन १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सुरू केलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, त्याला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एसएनडीटी. १९३६ मध्ये विद्यापीठाचा मुक्काम मुंबईला हलला. चर्चगेटला ज्या पोरी रोज त्या गेटमधून आत जातात त्यांच्यातल्या किती जणींना हे माहीत असेल कोण जाणे. नाव लावण्याची अट आजही असते, फक्त आता ती शिलाई मशिनच्या स्टिकरवर येते.

टाटांचे मोठे ट्रस्टही याच काळातले, सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा.

दुसऱ्या बाजूला ग्रँट न घेणाऱ्यांची पण परंपरा आहे आणि ती मुंबईत चांगलीच ठळक आहे. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत झालं, आणि त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं की तोटा झाला तरी दान मागायचं नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तिथेही पाया होता बँकेच्या कर्जाचा, कारण या बायका आधी सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. मथुरा बलात्कार खटल्यानंतर (पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला) १९८० च्या आसपास उभा राहिलेला फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन हा गट तर फंडिंगशिवायच चालला, वर्गणी आणि स्वतःचा वेळ यावर. त्यांचं म्हणणं साधं होतं, पैसा देणारा उद्या मोर्चा कुठे काढायचा ते पण सांगेल. त्यात तथ्य नाही असं कुणी म्हणू शकत नाही, पण फुकट वेळ द्यायला आधी घरात दुसरा पगार लागतो आणि गोवंडी-मानखुर्दच्या ताईकडे तो नसतो, हेही खरं.

आणि कधी कधी छोट्या प्रयोगाचं सरकारी कामात रूपांतर होतं. पोलीस स्टेशनमध्येच समाजकार्यकर्ती बसवायची हा महिला व मुलांसाठीचा स्पेशल सेल टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये आयुक्तालयात सुरू केला, पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो उचलला आणि इतर जिल्ह्यांत नेला. ग्रँटचं सगळ्यात चांगलं काय होऊ शकतं त्याचं हे उदाहरण, पण त्याला वर्षं लागली आणि एका वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ते बसलं नसतं.

कागदपत्रं

आता रुक्ष भाग, पण इथेच निम्मे अर्ज मरतात.

संस्था तीन प्रकारे नोंदवता येते: १८६० च्या कायद्याखाली सोसायटी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी. ट्रस्टवाल्यांची वारी वरळीला, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. महाराष्ट्रात सोसायटीची पण ट्रस्ट म्हणून नोंद होते त्यामुळे ऑडिट आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद) दोघांनाही चुकत नाही, आणि विश्वस्त बदलला पण चेंज रिपोर्ट अडकलाय ही तर घरोघरची गोष्ट. मग इन्कम टॅक्सचं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला सूट). देणाऱ्याला ८०जीची सूट जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही, त्यामुळे पगारदार माणूस आता पावती मागतो ती सवयीने.

सीएसआरचे पैसे हवे असतील तर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, हे १ एप्रिल २०२१ पासून, आणि बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी पैशासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी, त्याला तीन वर्षं जुनी संस्था आणि तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च. आता बघा, मालाडच्या मालवणी वस्तीत पंधरा बायकांनी मिळून चालवलेलं मंडळ, ज्यांच्याकडे मुली संध्याकाळी अभ्यासाला येतात आणि नवऱ्याने मारलं की बाई आधी ज्यांचं दार वाजवते, त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं. फार तर बचतगटाचं बँक खातं असतं.

अशा मंडळांना पूर्वी मोठ्या संस्थेमार्फत पैसे पोचायचे, मोठी संस्था परदेशी ग्रँट घ्यायची आणि त्यातला वाटा खाली द्यायची. २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीने ते बंद झालं, परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावे लागतात. काम धारावीत आणि खातं संसद मार्गावर. देशातल्या लोकांनी जमवलेल्या सामूहिक ग्रँटला हे बंधन लागत नाही, आणि माझ्या मते याच कारणाने तिची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे.

सीएसआर आणि मार्चची घाई

कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ ला. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालायचे. त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे चालणाऱ्या कामांच्या यादीत, स्त्री-पुरुष समानता, महिलांचं सक्षमीकरण, महिलांसाठी वसतिगृहं हे स्पष्ट लिहिलंय. राज्यांमध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला सगळ्यात जास्त सीएसआर येतो आणि निर्णय होतात बीकेसी, लोअर परळ, नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत, म्हणजे महिला संस्थांपासून लोकलने तासाभराच्या आत.

तरी पैसा तिथपर्यंत नीट पोचत नाही, कारण सीएसआर कमिटीला आकडा लागतो. किती लाभार्थी, एका लाभार्थीमागे किती रुपये. शिलाई मशिन दिलं, फोटो आला, आकडा झाला. सॅनिटरी पॅडचं वाटप, ब्युटीपार्लरचा तीन महिन्यांचा कोर्स, हे पटकन पास होतं. पण घरगुती हिंसेच्या एका केसमध्ये काउन्सेलर बाईबरोबर पोलीस स्टेशन, हॉस्पिटल, कोर्ट असं दोन-तीन वर्षं फिरते आणि शेवटी बाई समझोता करून घरी जाते, मग हा आकडा "यशस्वी" मध्ये टाकायचा की नाही, एक्सेलमध्ये त्याला कॉलमच नाही. राईट टू पी सारखी मोहीम घ्या, मुंबईत २०११ पासून संस्थांनी एकत्र येऊन महिलांना मोफत आणि स्वच्छ मुतारी हवी म्हणून चालवली, सर्व्हे केले, पालिकेच्या चकरा मारल्या, या कामाला लाभार्थी म्हणून नेमकं कुणाला मोजणार, लोकलने जाणाऱ्या सगळ्या बायकांना?

दुसरं दुखणं ओव्हरहेडचं. नियमात ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर चालवण्याच्या खर्चावर, पण बऱ्याच ठिकाणी तीच मर्यादा संस्थेच्या बजेटला लावतात. मग भाडं, अकाउंटंट, लाइट बिल, ऑडिट फी कुठून काढायची? मुंबईत दहा बाय दहाची खोली पण भाड्याने मिळताना डिपॉझिट मागतात. प्रोजेक्टमधून फील्डवरच्या ताईचं मानधन निघतं, पण ती जिथे बसून रजिस्टर लिहिते त्या खुर्चीचं भाडं कुणाच्याच प्रोजेक्टमध्ये नसतं. याला संस्थावाले कोअर फंडिंग म्हणतात आणि ते देणारा फंडर भेटला तर त्याचं नाव सहसा कुणी दुसऱ्याला सांगत नाही.

तिसरं, वेळ. वर्ष संपतं ३१ मार्चला, त्यामुळे जानेवारीनंतर अचानक फोन येतात की महिनाभरात खर्च होईल असं काही प्रपोजल आहे का, वर ८ मार्चला कार्यक्रम ठेवा, साहेब येतील. मुलींची परीक्षा नेमकी तेव्हाच असते. कायद्यात ऑनगोइंग प्रोजेक्टची सोय आहे, सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो, पण ती वापरायची तयारी सगळ्या कंपन्या दाखवत नाहीत.

सामूहिक ग्रँट इथे काय वेगळं करते

रक्कम लहान असते पण अटी कमी. चांगल्या पद्धतीत अर्ज मराठी-हिंदीत चालतो, कधी तोंडी पण ऐकून घेतात, आणि निवड समितीत वस्तीतल्या बायका किंवा आधी ग्रँट घेतलेल्या संस्थेच्या ताई बसतात. त्यांना फसवणं अवघड, कोणाचं काम कागदावर आणि कोणाचं गल्लीत ते त्यांना बरोबर माहीत असतं. खराब पद्धतीत मात्र गिव्हिंग सर्कलवाले पण ब्युटी कॉन्टेस्ट घेतात, दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन, एक रडवणारी केस स्टडी, मग टाळ्या आणि मतदान. ज्या संस्थेकडे इंग्रजी बोलणारी मुलगी आहे ती जिंकते. आणि केस स्टडीतल्या बाईला विचारलं होतं का, हा प्रश्न सभागृहात फार कमी जण विचारतात.

मुलींसोबतच्या कामाला हा लवचीक पैसा विशेष लागतो. वाचा ट्रस्ट १९८७ मध्ये महिलांच्या वाचनालयातून सुरू होऊन वस्तीतल्या किशोरी मुलींपर्यंत आला, स्नेहा ही संस्था १९९९ पासून माता-बालआरोग्य आणि महिलांवरच्या हिंसेवर धारावीत आणि आसपास काम करते, चेंबूरची कोरो १९८९ मध्ये साक्षरतेपासून निघाली आणि पुढे वस्तीतल्या बायकांच्याच नेतृत्वाकडे वळली. तिन्हींचं काम सुरुवातीला होतं त्यापेक्षा नंतर बरंच वेगळं झालं, आणि लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या कामं-निकालांच्या तक्त्यात, आधीच सगळं लिहून दिलं असतं तर असं वळता येतं का हा प्रश्नच आहे.

शहरातून पैसे जमवायचे मार्ग

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन (२००४ पासून) हा सगळ्यात मोठा, धावणारे लोक संस्थेसाठी ओळखीच्यांकडून पैसे गोळा करतात आणि ते युनायटेड वे मुंबईमार्फत संस्थेला पोचतात. २ ते ८ ऑक्टोबरचा दानउत्सव २००९ पासून. गणेश मंडळांच्या वर्गणीतून पण वह्या आणि फी वगैरे निघते, हिंसेच्या केससाठी मात्र मंडळाकडे पैसे मागणं अवघड जातं कारण मारणारा कधी कधी त्याच मंडळाचा कार्यकर्ता असतो. पालिकेकडून गरजू महिलांना शिलाई मशिन, घरघंटी, मसाला कांडप मशिन मिळतात, त्यासाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज, पण ती व्यक्तीला मिळणारी मदत झाली, संस्थेला ग्रँट नव्हे. राज्य पातळीवर बचतगटांसाठी माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आहे, १९७५ चं.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२ मध्ये सोशल स्टॉक एक्सचेंजचे (सामाजिक संस्थांसाठीचा शेअर बाजार) नियम आणले, त्यात नोंदणीकृत संस्था झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल नावाचा बॉन्ड काढून पैसे उभे करू शकते, गुंतवणाऱ्याला व्याजही नाही आणि मुद्दलही परत नाही, म्हणजे दलाल स्ट्रीटच्या भाषेत लिहिलेली ग्रँटच. कागदपत्रं मात्र वर सांगितली त्यापेक्षा जास्त लागतात.