शिले बेटावरचा सौरदिवा : पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, नॉर्थ यूइस्ट बेटापासून काही मैलांवर, खुल्या अटलांटिकमध्ये मोनॅक ही सखल बेटे आहेत. त्यांच्या पश्चिम टोकाच्या शिले बेटावर डेव्हिड आणि टॉमस स्टीव्हन्सन या बंधूंनी १८६४ साली लाल विटांचे, सुमारे ४१ मीटर उंचीचे दीपगृह बांधले. आज तेथे माणूस राहत नाही आणि दिवा सूर्याच्या बळावर चालतो. मात्र मधली ५५ वर्षे हे बेट रात्री पूर्ण काळोखात होते.

दिवा सांभाळणे ही जिवावरची नोकरी होती. १९३६ साली शेजारच्या बेटावरून टपाल घेऊन होडीने परतणारे दोन रखवालदार बुडाले. पुढे १९४२ मध्ये, युद्धकाळात, दिवा विझवण्यात आला आणि शांतता आल्यावरही तो पुन्हा लावला गेला नाही.

माणसावाचून दिवा चालवण्याची युक्ती तोवर जुनी झाली होती. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी १९०७ मध्ये अशी झडप तयार केली, जिच्यातला काळा धातूचा दांडा उजाडताच प्रकाश शोषून किंचित प्रसरण पावे आणि ॲसिटिलीन वायू बंद करी. अंधार पडला की वायू आपोआप सुरू होई. १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते दीपगृहांसाठीच्या अशा स्वयंचलित नियामकांबद्दल.

शिलेला दिवा परत मिळाला तो एका अपघातामुळे. ५ जानेवारी १९९३ रोजी ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज इंजिन बंद पडून वादळात शेटलंडच्या खडकांवर आदळले आणि ८४ हजार टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. त्यानंतर लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशीचा अहवाल १९९४ मध्ये आला. मोठ्या तेलवाहू जहाजांनी स्कॉटलंडची मुख्य भूमी आणि हेब्रिडीज बेटे (मोनॅक त्यांतलीच) यांच्यामधल्या मिंचच्या अरुंद सामुद्रधुनीऐवजी हेब्रिडीजच्या बाहेरून, पश्चिमेच्या खोल पाण्यातून जावे यावर भर आला. पण तिकडचा किनारा पुरेसा उजळलेला नव्हता. म्हणून स्कॉटलंडची दीपगृहे सांभाळणाऱ्या नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाने १९९७ मध्ये मोनॅक आणि त्याच किनाऱ्यावरची हास्कीर व गास्कर ही बेटे येथे छोटे स्वयंचलित दिवे बसवले. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९९८ रोजी, फेअर आइल बेटावरच्या ‘फेअर आइल साउथ’ दीपगृहाचे रखवालदार उतरले आणि स्कॉटलंडमध्ये माणसांनी चालवलेले एकही दीपगृह उरले नाही. माझ्या मते हा योगायोग महत्त्वाचा आहे : जुन्या पद्धतीने माणसे आणि तेल पुरवावे लागले असते, तर या ओसाड खडकांवर नवे दिवे क्वचितच लागले असते.

सौरऊर्जेची खरी कसोटी मात्र हिवाळ्यात लागते. जवळजवळ ५७.५ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरची रात्र सतरा तासांहून मोठी असते, म्हणजे दिव्याला सर्वाधिक वीज लागते तेव्हाच सूर्य सर्वांत कमी देतो. त्यामुळे क्षितिजालगतचे ऊन पकडण्यासाठी पॅनेल बरीच उभी बसवावी लागतात आणि बॅटऱ्यांत अनेक ढगाळ दिवसांची बेगमी ठेवावी लागते. कमी विजेत चालणाऱ्या एलईडी दिव्यांनी हे गणित पुष्कळ सोपे केले.

१९९७ च्या दिव्याचा पल्ला पुढे अपुरा ठरला. अखेर २००८ मध्ये प्रकाश स्टीव्हन्सन बंधूंच्या जुन्या मनोऱ्यात हलवण्यात आला आणि तो आता १८ सागरी मैलांवरून दिसतो.