लेकरू हट्टी झालं की बावरलं?

दसरा झाला, कापूस फुटला, की आमच्याकडच्या आया सकाळीच डबा बांधून वेचणीला निघतात. आठ दिवसांत घरोघरी एकच तक्रार: "पोट्टं लय हट्टी झालं." दर वेळी तो हट्टच असतो असं नाही.

हट्टाला काहीतरी पाहिजे असतं. बिस्किटाचा पुडा, नाहीतर मोबाइल. रडता रडता एक डोळा आजीकडे असतो आणि वस्तू हाती पडली की रडणं जागच्या जागी थांबतं. तिथं नाही म्हणजे नाही, आणि ते घरातल्या सगळ्यांचं. आबाजींनी हळूच खिशातून पुडा काढला की मुसळ केरात.

बावरलेल्या लेकराला काय पाहिजे ते त्यालाच ठाऊक नसतं. माझी जाऊ वावरात जायला लागली, तेव्हा तिच्या दोन वर्षांच्या पोरानं तिसऱ्या दिवशी वरणभाताची वाटी भिरकावली. बिस्किट दिलं, तेही फेकलं. मग आठवलं, त्याची आई भात त्याच्यासमोर कालवते आणि पहिला घास कावळ्याचा म्हणून बाजूला काढते. मी चुलीपाशीच कालवून आणला होता. दुसऱ्या दिवशी कावळ्याचा घास काढला, अर्धी वाटी संपली.

अशा वेळी रागावून किंवा लालूच दाखवून काही होत नाही. मांडीवर घ्यायचं, कमी बोलायचं. झोपही बघायची. एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते. आईसोबत पहाटे उठलेलं पोर संध्याकाळी किरकिरणारच. आणि वेचणीच्या तोंडावरच अंगावरचं दूध तोडायला काढू नये. एका वेळी एकच बदल.

सासूबाई म्हणत, त्याचं लक्ष नसताना मागच्या दारानं सटक. मला हे पटत नाही. आई न सांगता गायब झाली की मग ती घरी असतानाही ते पदर सोडत नाही, न्हाणीपर्यंत मागे येतं. रडलं तरी सांगूनच जावं. "पाच वाजता येते" हे त्याला कळत नाही, "गाई आल्या की येते" हे कळतं. पण कापसाचं मोजमाप लांबलं की जाऊला उशीर व्हायचा, गाई आधी यायच्या आणि पोर दारात रडत बसायचं. म्हणून आम्ही "दिवा लागला की" असं केलं.

आता तो दुपारी चारलाच बटणाकडे बोट दाखवून दिवा लावायला लावतो. हा मात्र हट्टच.