क्वीअर आणि ट्रान्स तरुणांना सिगरेट-व्हेप सोडायला मदत

गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले), नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारे) अशा, म्हणजे एका शब्दात क्वीअर, किशोरवयीन आणि तरुण पोरापोरींना सिगरेट किंवा व्हेप (बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट) सोडता यावं म्हणून जे काय केलं जातं, म्हणजे समुपदेशन, मोबाइलवरचे मेसेज प्रोग्रॅम, त्वचेवर चिकटवायचे निकोटीनचे पॅच, गोळ्या, ग्रुप, ते सगळं या नोंदीत येतं. आता कुणी म्हणेल की वेगळी नोंद कशाला, निकोटीन सगळ्यांना सारखंच धरतं की. अर्धं खरंय ते. निकोटीन मेंदूत शिरताना माणूस कोण आहे हे विचारत नाही, आणि पॅचही सगळ्यांना तोच चालतो, इंद्रधनुष्य छापलेला वेगळा पॅच लागत नाही. फरक पडतो तो सुरुवात कशामुळे झाली, सोडताना सिगरेटसोबत आणखी काय हातातून जातं आणि मदत मागायची तर कुणाकडे, इथे.

ओढायला लागतात का

बऱ्याच देशांतल्या पाहण्यांमध्ये क्वीअर तरुणांत सिगरेट आणि व्हेपचं प्रमाण बाकीच्या तरुणांपेक्षा जास्त आढळलंय, त्यातही बायसेक्शुअल मुलींमध्ये जरा जास्तच. याचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं स्पष्टीकरण म्हणजे ‘मायनॉरिटी स्ट्रेस’, म्हणजे अल्पसंख्याक असल्यामुळे येणारा ताण, इलन मायर या संशोधकाने 2003 मध्ये ते नीट मांडलं. रोजच्या कटकटी सगळ्यांनाच असतात, पण टोमणे, घरातून हाकललं जायची भीती, सतत काहीतरी लपवत राहणं हा जादाचा भार आणि तो वर्षानुवर्षं उतरत नाही. तलफ भागली की दोन मिनिटं बरं वाटतं, पण त्यातला मोठा भाग हा मागच्या सिगरेटने तयार केलेली बेचैनी या सिगरेटने मिटवल्याचा असतो, हे ओढणाऱ्याला आतून कळत नाही, त्याला वाटतं टेन्शनच गेलं.

पण सगळं टेन्शनवर ढकललं की निम्मी गोष्ट सुटते. अनोळखी पार्टीत कुणाशी बोलावं कळत नसेल तर लायटर मागणं हा सोपा रस्ता असतो. घरात जेवणाच्या टेबलावर लग्नाचा विषय निघाला की “जरा बाहेर जाऊन येतो” म्हणायला सिगरेट हे निमित्त असतं, कुणी जास्त विचारत नाही. काही ट्रान्स मुलांना सिगरेट धरली की आपण पुरुषासारखे दिसतो असं वाटतं, काही गे मुलं आणि ट्रान्स मुली वजन वाढू नये म्हणून ओढतात. आणि कितीतरी दशकं एकमेकांना भेटायची जागा म्हणजे बारच, तिथे तर धूर ठरलेलाच. म्हणजे सिगरेट इथे काहीतरी काम करत असते, आणि ते काम कोण करणार हे न बघता नुसतं “सोड” म्हटलं की ती पुन्हा हातात येते.

कंपन्यांचा हात

हे आपोआप झालेलं नाही. 1990 मध्ये ‘ॲक्ट अप’ या एड्सविरोधी संघटनेने मार्लबोरोवर बहिष्कार टाकला होता, कारण फिलिप मॉरिस कंपनी जेसी हेल्म्स या समलिंगीविरोधी अमेरिकन सिनेटरला पैसे देत होती. दुसऱ्या वर्षी कंपनीने एड्सच्या कामासाठी देणग्या वाढवायचं कबूल केलं आणि बहिष्कार मिटला, म्हणजे भांडणातून शेवटी ओळखच वाढली म्हणायची. 1992 मध्ये याच कंपनीची बेन्सन अँड हेजेसची जाहिरात ‘जॉनर’ या गे पुरुषांच्या मासिकात आली. नंतर 1990च्या दशकाच्या मध्यात आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतल्या कास्ट्रो भागातले गे पुरुष आणि शहरातले बेघर लोक यांना गिऱ्हाईक करायची योजना आखली, आणि आतल्या कागदांवर तिचं नाव होतं प्रोजेक्ट स्कम, म्हणजे घाण-गाळ. ही कागदपत्रं पुढे कोर्टकज्जांमुळे बाहेर आली. तरुणांशी बोलताना फुफ्फुसाच्या फोटोपेक्षा हा किस्सा जास्त लागतो असं बरेच कार्यकर्ते सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे, विसाव्या वर्षी कॅन्सरची भीती कुणाला वाटते, पण आपल्याला मूर्ख बनवलं गेलंय हे कुणालाच आवडत नाही.

उलट बाजूनेही प्रयत्न झाले. सॅन फ्रान्सिस्कोत ‘द लास्ट ड्रॅग’ नावाचा एलजीबीटी लोकांसाठीचा सिगरेट सोडायचा मोफत वर्ग 1990च्या दशकापासून चालला. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने, 18 ते 24 वयाच्या एलजीबीटी तरुणांसाठी ‘धिस फ्री लाइफ’ ही मोहीम काढली, रोज न ओढता अधूनमधून ओढणाऱ्यांना धरून, कारण “मी काय व्यसनी नाही, फक्त पार्टीत ओढतो” म्हणणारे हेच असतात.

व्हेपची वेगळी पंचाईत

सिगरेट जळून संपते, व्हेप संपत नाही, उशाशी असतो, बाथरूममध्ये असतो, वासही फारसा येत नाही. 2015 मध्ये आलेल्या जूल या व्हेपच्या ब्रँडनंतर निकोटीन सॉल्ट, म्हणजे क्षाराच्या रूपातलं निकोटीन, पसरले, ते घशाला कमी लागतात त्यामुळे खूप निकोटीन आरामात आत जातं, जूलच्या 5 टक्केवाल्या एका पॉडमध्ये (व्हेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या डबीत) साधारण सिगरेटच्या एका पाकिटाएवढं निकोटीन असल्याचं कंपनीच सांगायची. म्हणून “दिवसाला किती?” या प्रश्नाला व्हेपवाल्याकडे उत्तरच नसतं. त्यापेक्षा उठल्यावर किती वेळात पहिला झुरका, रात्री जाग आली तर ओढतोस का, हे विचारलं की व्यसन किती खोल गेलंय ते कळतं.

काय उपयोगी पडतं

तरुणांसाठी मेसेजवरची मदत बऱ्यापैकी चालते. अमेरिकेतल्या ट्रूथ इनिशिएटिव्ह या तंबाखूविरोधी संस्थेचा ‘धिस इज क्विटिंग’ प्रोग्रॅम 2019 मध्ये सुरू झाला, त्याची 18 ते 24 वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांवरची चाचणी 2021 मध्ये आली तेव्हा 7 महिन्यांनी मेसेज मिळालेल्यांपैकी 24.1 टक्के व्हेपपासून लांब होते आणि न मिळालेल्यांपैकी 18.6 टक्के. आकडा छोटा वाटेल, पण ज्यासाठी कुणाला तोंड दाखवावं लागत नाही, नाव सांगावं लागत नाही अशा गोष्टीसाठी तो वाईट नाही. औषधांत व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या गोळीची 16 ते 25 वयातल्या व्हेप ओढणाऱ्यांवरची चाचणी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली, 12 आठवड्यांच्या उपचाराच्या शेवटच्या महिन्यात गोळी घेणाऱ्यांपैकी 51 टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 14 टक्के व्हेपमुक्त होते. मळमळ आणि विचित्र स्वप्नं हे त्रास होतात, गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यायची. मोठ्यांमध्ये पॅच आणि सोबत निकोटीनचं च्युइंगगम अशी जोडी नुसत्या एकापेक्षा बरी ठरते, 18 च्या आतल्यांनी तीही डॉक्टरच्या सल्ल्याने. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत चिडचिड उतरत जाते.

खरी अडचण गोपनीयतेची आहे आणि नेमकी तीच प्रोग्रॅम बनवणारे विसरतात. या मुलांकडे बऱ्याचदा घरी न सांगितलेल्या दोन गोष्टी असतात, एक व्हेप आणि दुसरी स्वतःची ओळख, आणि एक सापडली की दुसरी ओढून बाहेर येते. “आईबाबांना विश्वासात घे” हा सल्ला बाकीच्यांना चांगला, इथे तो कुणाला बेघर करू शकतो. फोनच्या लॉक स्क्रीनवर मेसेज कोणत्या नावाने दिसेल, त्यात ‘क्वीअर’ शब्द असेल का, हे आधी त्या मुलाला विचारून ठरवावं लागतं.

मराठीत समुपदेशकाची आणखी एक गोची होते, “कधीपासून ओढतोस” की “ओढतेस” इथेच पहिल्या वाक्यात क्रियापद माणसाचं लिंग ठरवून मोकळं होतं. “तुला कसं बोललेलं आवडेल” हे आधी विचारणं किंवा विचारेपर्यंत “ओढायला कधी सुरुवात झाली” असं बोलणं, एवढ्यानेही समोरचा माणूस दुसऱ्यांदा यायची शक्यता वाढते.

ट्रान्स तरुणांसाठी हॉर्मोन आणि ऑपरेशन

ट्रान्स मुली घेतात त्या इस्ट्रोजेन हॉर्मोनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो आणि सिगरेट त्यात भर घालते, त्वचेवरच्या पॅचमधून घेतलेल्या इस्ट्रोजेनला हा धोका गोळीपेक्षा कमी. शिवाय सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर गोळीतलं इस्ट्रोजेन लवकर मोडतं, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप तेच कमी मिळतं, हे कारण ट्रान्स मुलींना भाषणापेक्षा पटकन पटतं. ट्रान्स मुलं घेतात त्या टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढून रक्त घट्ट होऊ शकतं, सिगरेटनेही तेच होतं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम नीट भरत नाही, त्यामुळे छातीच्या किंवा खालच्या ऑपरेशनआधी बरेच सर्जन काही आठवडे सगळं बंद करायला सांगतात, काहीजण कोटिनिनची (निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) टेस्टही करतात. ती टेस्ट पॅच आणि च्युइंगगमनेही पॉझिटिव्ह येते, म्हणून पॅचवर असाल तर सर्जनला आधीच सांगून ठेवायचं.

ऑपरेशनची तारीख ही सोडायला फार जोरदार प्रेरणा असते. मात्र “आधी सिगरेट सोड मग हॉर्मोन देतो” अशी अट घालून अडवलं की काहीजण डॉक्टरलाच सोडतात आणि कुठूनतरी हॉर्मोन मिळवून तपासणीशिवाय घेत बसतात, हा सौदा कुणाच्याच फायद्याचा नाही.

मित्र, आणि घसरणं

व्हेप हातोहात फिरतो, त्यामुळे एकट्याने सोडणं म्हणजे दर शनिवारी नाही म्हणत बसणं. निवडलेलं कुटुंब, म्हणजे जे मित्रच घरच्यांसारखे झालेत, त्यांना स्पष्ट सांगितलेलं बरं की माझ्याकडे पास करू नका, पण बाहेर उभे राहाल तेव्हा मला बोलवा, गप्पा मला हव्यात. एखादा झुरका झाला तर सगळं गेलं असं नसतं, बहुतेकांना सुटायच्या आधी बऱ्याच वेळा प्रयत्न करावे लागतात, तो झुरका कुठे, कुणासोबत, कशानंतर झाला एवढं लिहून ठेवलं की पुढच्या वेळी तयारी करता येते. व्हेप सोडताना काहीजण निकोटीनची टक्केवारी हळूहळू उतरवतात, चालतं, फक्त टक्केवारी उतरली म्हणून दुप्पट झुरके मारले जात नाहीत ना, आणि मधल्या काळात सिगरेट परत सुरू झाली नाही ना, याकडे लक्ष ठेवावं लागतं.