ब्रश धुतला, पण वाळवला का?

फाउंडेशनचा वापरातला ब्रश हातात घ्या, केस दोन बोटांनी मधोमध फाकवा आणि अगदी मुळाशी पाहा. टोकं स्वच्छ दिसत असली तरी जिथे केस धातूच्या नळीत शिरतात, तिथे बहुतेक वेळा तपकिरी, चिकट कडं दिसतं. चेहऱ्याचं तेल म्हणजे सीबम, गळलेल्या मृत पेशी, घाम, धूळ आणि शिळं फाउंडेशन यांचा तो लगदा असतो. धुण्याचा खटाटोप खरं तर या कड्यासाठी करायचा, आणि घाईत धुताना नेमकं तेच राहून जातं.

निरोगी त्वचेवरही जिवाणू असतातच आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. ते फोफावायला अन्न लागतं आणि ओल लागते. अन्न त्या लगद्यात भरपूर आहे. म्हणून प्रश्न उरतो तो ओलीचा. कोरड्या पावडरीच्या ब्रशात जिवाणू फारसे वाढत नाहीत. द्रव फाउंडेशनच्या ब्रशात आणि ओलसर स्पंजात मात्र वाढतात. बाटलीतल्या फाउंडेशनमध्ये फिनॉक्सिइथेनॉलसारखं परिरक्षक, म्हणजे जिवाणू वाढू न देणारं द्रव्य, असतं, पण ब्रशावर तेल-पाणी मिसळलं की त्याचं प्रमाण पातळ होतं, आणि त्याच्या भरवशावर राहता येत नाही. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये लोकांच्या वापरातली मेकअपची साधनं तपासली, तेव्हा ९३ टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते.

मुरुमांचा सगळा दोष ब्रशावर टाकणं चुकीचं ठरेल. त्यामागे संप्रेरकं असतात, आनुवंशिकता असते. पण मळक्या ब्रशाने तेलाचा जुना थर रोज पुन्हा चेहऱ्यावर येतो आणि रंध्रं बुजायला हातभार लागतो. वाळलेल्या उत्पादनाने कडक झालेले केस त्वचा खरवडतात आणि त्या बारीक ओरखड्यांतून स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जिवाणूला वाट मिळते. डोळ्यांच्या ब्रशाबाबत तर जास्तच जपायला हवं. रांजणवाडी झाली किंवा डोळे आले असतील, तर त्या दिवसांत ब्रश वापरूच नये आणि दुसऱ्याला तर मुळीच देऊ नये.

आता धुणं. कोमट पाणी घ्या. कढत पाण्याने नळीतला गोंद सैल होतो. ब्रशाचं तोंड खाली धरूनच केस भिजवा, नळीत पाणी जाऊ देऊ नका. तळहातावर वाटाण्याएवढा सौम्य शॅम्पू घेऊन त्यात ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा. मग केस बोटांच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे फेस ओढून काढा, म्हणजे मुळाचा लगदा बाहेर येतो. नुसता तळहातावर घासला तर टोकं उजळतात आणि कडं जागच्या जागी राहतं. तोंड खालीच ठेवून खळबळा आणि हे सगळं दुसऱ्यांदा करा. पाणी नितळ आलं म्हणून थांबू नका: पांढरा टिश्यू मुळाशी दाबून पाहा, त्यावर डाग उमटला तर अजून एक फेरी हवी.

जलरोधक फाउंडेशन किंवा क्रीम आयलायनर शॅम्पूला दाद देत नाही. तिथे आधी दोन थेंब तेल कोरड्या केसांत चोळायचं, कारण तेलात तेलच विरघळतं, आणि मग वरचेच दोन हात शॅम्पूचे. हे तेल पूर्ण निघालंच पाहिजे. अंगाच्या साबणाची वडी मात्र टाळा. पाणी क्षारयुक्त असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारी साय धरतो, ती केसांवर बसते आणि धुतलेला ब्रश चिकट लागतो. शॅम्पूत अशी साय सहसा धरत नाही.

धुण्यापेक्षा जास्त चुका होतात त्या वाळवताना. ओला ब्रश पेल्यात तोंड वर करून उभा ठेवायची सवय अनेकांना असते. पाणी उतरून नळीत जातं, लाकडी दांडा फुगतो, त्याचा रंग तडकतो, गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. तोंड खाली केलं तरी सगळं पाणी आपोआप निथळत नाही. केसांमधल्या फटी जितक्या अरुंद, तितकं केशाकर्षण, म्हणजे फटीत पाणी ओढून धरण्याची ओढ, जास्त, आणि सगळ्यात दाट केस मुळाशीच असतात. म्हणजे जिथे हवा सर्वांत कमी पोचते तिथेच पाणी धरून राहतं. म्हणून आधी स्वच्छ टॉवेलात केस मुळापासून दाबून पाणी टिपा, बोटांनी आकार द्या, आणि टॉवेलाची गुंडाळी दांड्याखाली घेऊन ब्रश असा आडवा ठेवा की केस टेबलाच्या कडेबाहेर, थोडे उतारावर राहतील. हेअर ड्रायरची गरम हवा नको. नायलॉनचे तंतू वाकडे होतात. डोळ्यांचा बारीक ब्रश काही तासांत वाळतो, पावडरीच्या दाट ब्रशाला पूर्ण दिवस लागू शकतो. मुळाचा भाग वरच्या ओठाला टेकवून पाहा. गार लागला तर आत अजून ओल आहे. बाष्पीभवन चालू असतं म्हणून तो गार लागतो. असा ब्रश बंद पाउचमध्ये टाकू नका.

निर्जंतुक करायचंच असेल, विशेषतः ब्रश अनेकांवर वापरायचा असेल, तर धुऊन पूर्ण वाळवल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल केसांवर फवारा. ९९ टक्क्यांचं जास्त जालीम वाटतं, पण ते झटकन उडून जातं. शिवाय जिवाणूंमधली प्रथिनं मोडायला पाणी लागतं, आणि ते त्यात जवळपास नसतंच. मळक्या ब्रशावर फवारा फुकट जातो, कारण तेलाचा थर जिवाणूंना झाकून ठेवतो. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे जवळ ज्योत नसावी. प्राण्यांच्या केसांचा ब्रश त्याने कोरडा पडतो, तेव्हा त्यावर क्वचितच वापरावं.

अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. आमच्या मते द्रव आणि क्रीमच्या ब्रशांना हे अंतर वरची मर्यादा मानावं; मुरुमांची त्वचा असेल तर आठवड्यातून दोनदा धुवावेत. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवायचा आणि उघड्या हवेत वाळवायचा. तो आतपर्यंत सच्छिद्र असल्यामुळे पूर्ण साफ होत नाही. फाटला, डाग जाईनासा झाला किंवा वास येऊ लागला की टाकून द्या.

कॉम्पॅक्टवर कधी चकचकीत, कडक पापुद्रा धरलेला दिसतो. तोही ब्रशातूनच गेलेल्या तेलाचा. चिकटपट्टी त्यावर हलकेच दाबून उचला, पापुद्रा निघून येतो. मगच धुतलेला ब्रश त्यात बुडवा.