पार्श्वभूमी : त्सुकिजीचा मासळी बाजार तोयोसुला कसा गेला

चेरी ब्लॉसमच्या मोसमात जपानला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात टोकियोतली एक सकाळ बहुधा त्सुकिजीसाठी राखलेली असते. तिथे पोहोचल्यावर गल्ल्या दिसतात, सुऱ्यांची दुकाने दिसतात, काडीला टोचलेले गरम ऑम्लेट खाणारी गर्दी दिसते. मासळीचा लिलाव मात्र दिसत नाही. तो घाऊक बाजार ६ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद झाला आणि ११ ऑक्टोबरला सव्वादोन-अडीच किलोमीटरवरच्या तोयोसुत सुरू झाला. त्सुकिजीत राहिला तो बाहेरचा बाजार. आतला आणि बाहेरचा अशी ही फाळणी जुनीच आहे, पण पर्यटकांना तिचा पत्ता लागला तो आतला बाजार गेल्यावर.

मुळात टोकियोचा मासळी बाजार निहोम्बाशी पुलापाशी होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ओसाकाकडचे कोळी इथे आणून वसवले गेले. शोगुनच्या (जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या) किल्ल्याला मासळी पुरवायची आणि उरलेली विकायची, अशी ती व्यवस्था. ती तीनशे वर्षे चालली. १९१८ मध्ये तांदळाच्या भाववाढीवरून दंगली झाल्या, तेव्हा अन्नधान्याचा घाऊक व्यापार सरकारी देखरेखीखाली आणण्याची गरज भासली आणि १९२३ च्या मार्चमध्ये तसा कायदा झाला. त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या भूकंपात निहोम्बाशीचा बाजार जळून गेला. नौदलाच्या ताब्यातल्या त्सुकिजीच्या जागेवर तात्पुरता बाजार भरू लागला आणि १९३५ मध्ये पक्की इमारत सुरू झाली. ही इमारत कमानीसारखी वाकवलेली होती, कारण मालगाडी थेट आत यायची आणि रुळांना वळण द्यावे लागले होते. पुढे मासळी ट्रकने येऊ लागली आणि रूळ गेले, इमारतीचा बाक तसाच राहिला. ट्रकना तो कायम अडचणीचा ठरला.

बाहेरचा बाजार कुणी आखून बांधलेला नाही. शेजारच्या मोठ्या बौद्ध मंदिराची उपमंदिरे भूकंपानंतर दुसरीकडे हलली आणि मोकळ्या झालेल्या जागेत छोटे व्यापारी शिरले. आत मासळी घ्यायला आलेला सुशीवाला बाहेर पडताना सुरी, नोरी (सुशीला गुंडाळायचे समुद्रशेवाळाचे पापुद्रे), सुकवलेल्या बोनिटो माशाची कातळी, चहा आणि लोणची घेऊन जाई. म्हणजे ही दुकानेही गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरासाठीच होती, हौशी फिरस्त्यांसाठी नव्हती. (शाकाहारी सहप्रवाशांसाठी जाता जाता : त्या काडीवरच्या ऑम्लेटमध्ये बहुतेक वेळा बोनिटोचा अर्क असतो. अंडे चालते म्हणून निर्धास्त राहू नये.)

युद्ध, तुटवडा, १९५४ च्या अणुचाचणीनंतर किरणोत्सारी ठरून बाजाराच्या आवारातच पुरलेला टूना, हे सगळे ओलांडून आपण ऐंशीच्या दशकाकडे येऊ, कारण खरा पेच तिथून सुरू होतो.

तोवर बाजार तेवीस हेक्टरांत मावेनासा झाला होता. माल छपराखाली, पण उघड्यावर, उन्हाळ्यात बर्फावर भिस्त, आणि चिंचोळ्या वाटांतून उभ्याने चालवायच्या तीनचाकी मोटारगाड्या. पहिला विचार जागेवरच नवे बांधकाम करण्याचा होता. १९९१ मध्ये काम सुरूही झाले. पण बाजार रोज भरत असताना त्याच्याच पोटात इमारत उभी करायची, तर माल ठेवायचा कुठे आणि ट्रक वळवायचे कुठे? खर्च वाढत गेला, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर काम थांबले. १९९९ मध्ये स्थलांतराकडे कल झुकला आणि २००१ मध्ये तोयोसु ठरले.

तोयोसुची जागा गॅस कारखान्याची होती. कोळशापासून गॅस तयार करताना जे जमिनीत मुरते ते तिथे मुरलेले होते : बेंझीन, सायनाइड, आर्सेनिक, शिसे. २००८ च्या तपासणीत एका ठिकाणी मातीतले बेंझीन ठरवलेल्या मर्यादेच्या ४३,००० पट निघाले. खाण्याच्या मासळीचा बाजार अशा जमिनीवर न्यायचा, हा निर्णय तेव्हाच नव्याने तपासायला हवा होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रशासनाने मात्र माती शुद्ध करण्याचा मार्ग घेतला आणि त्यावर सुमारे ८६ अब्ज येन खर्च केले. तज्ज्ञांनी सांगितले होते की दूषित थर काढून संपूर्ण आवारात साडेचार मीटर जाडीची स्वच्छ मातीची भर घालावी. तशी ती घातली आहे असेच लोकांना सांगितले जात होते.

७ नोव्हेंबर २०१६ ही स्थलांतराची तारीख होती. जुलैत निवडून आलेल्या टोकियोच्या नव्या गव्हर्नरबाई युरिको कोइके यांनी ३१ ऑगस्टला ती पुढे ढकलली. भूजलाच्या तपासणीचे शेवटचे निष्कर्ष यायचे आहेत, हे कारण. दहा-अकरा दिवसांत बाहेर आले की मुख्य इमारतींखाली भर घातलेलीच नाही. तिथे पोकळ तळघर आहे आणि त्यात पाणी साचले आहे. तळघर ठेवण्यामागे अभियांत्रिकी कारण होते. पाइप फिरवायचे होते, पुढे गरज पडल्यास माती काढण्याची यंत्रे उतरवायची होती. पण ते तज्ज्ञांना विचारून झाले नाही, लोकांना सांगून तर नाहीच. जबाबदार कोण, याची चौकशी वरून खाली आणि खालून वर फिरत राहिली. अशा वेळी तळघरापेक्षा लपवाछपवी जास्त नडते आणि इथेही तेच झाले. जानेवारी २०१७ मध्ये भूजलात बेंझीन मर्यादेच्या ७९ पट आढळल्यावर तर मधल्या व्यापाऱ्यांत उघड दोन तट पडले.

हे मधले व्यापारी म्हणजे बाजाराचा कणा. मोठ्या आडत्यांकडून लिलावात माल उचलायचा, आपल्या गाळ्यावर तो कापून, वर्गवारी करून सुशीवाल्यांना आणि किरकोळ दुकानदारांना विकायचा. एकेकाळी हजाराच्या वर असलेले त्यांचे गाळे स्थलांतरापर्यंत पाचशेच्या आसपास उरले होते. गाळ्यावर पुरुष मासळी कापत आणि लाकडी खोक्याएवढ्या गल्ल्यात बसून हिशेब सांभाळणारी बहुतेक घरची बाई असे. स्थलांतराविरुद्ध शेवटपर्यंत रस्त्यावर राहिला तो याच बायांचा गट. ज्यांनी कर्ज काढून तोयोसुत शीतकपाटे बसवली होती, त्यांना मात्र प्रत्येक महिन्याचा उशीर जाचत होता. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. मुंबईचा घाऊक बाजार वाशीला नेताना मशीद बंदरच्या पेढ्यांत जी ओढाताण झाली, तीच इथे विषारी मातीची भर पडून झाली म्हणा.

२० जून २०१७ रोजी गव्हर्नरबाईंनी तोडगा जाहीर केला : बाजार तोयोसुला जाईल, त्सुकिजीची जागा विकली जाणार नाही आणि तिथे खाद्यसंस्कृतीचे केंद्र उभे राहील. परतू इच्छिणाऱ्या व्यापाऱ्यांना परतता येईल, असाही सूर होता. महानगर सभेची निवडणूक बारा दिवसांवर होती. विरोधकांना परतीची आशा मिळाली, समर्थकांना स्थलांतर मिळाले, निवडणूक गव्हर्नरबाईंच्या पक्षाने दणक्यात जिंकली. २०१९ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या आराखड्यात परिषदा आणि प्रदर्शनांचे केंद्र होते, बाजार नव्हता. प्रशासनाच्या मते धोरण बदललेले नाही. ज्यांनी परतीच्या आशेवर विरोध मागे घेतला त्यांना विचारले तर उत्तर वेगळे मिळेल.

घाईला आणखी एक कारण होते. ऑलिम्पिकसाठीचा मोठा रस्ता त्सुकिजीच्या आवारातून जायचा होता. दुसरीकडे, तळघरात काँक्रीट ओतून आणि भूजल उपसून तोयोसु सुरक्षित असल्याचा निर्वाळा २०१८ मध्ये मिळाला. ७ ऑक्टोबरच्या पहाटे त्या तीनचाकी गाड्यांची रांग नव्या रस्त्यावरून तोयोसुकडे निघाली.

पर्यटकांचा मुद्दा या सगळ्याला समांतर चालला होता. लिलाव पाहायला परदेशी लोक येऊ लागले तेव्हा त्यांना कुणी बोलावलेही नव्हते आणि अडवलेही नव्हते. गर्दी वाढली, फ्लॅशचे दिवे लिलावदारांच्या हातखुणांत अडथळा आणू लागले, कुणी गोठलेल्या माशांना हात लावला, कुणी चाटूनही पाहिले. २००८ च्या डिसेंबरात महिनाभर बंदी आली, २०१० मध्ये पुन्हा, २०११ च्या भूकंपानंतर काही महिने. त्यानंतर रोज १२० जणांची मर्यादा राहिली, साठ-साठच्या दोन तुकड्या, पहाटेच्या अंधारात रांग आणि अंगावर रंगीत जाकिटे. याच काळात देशात येणारे परदेशी प्रवासी २०१३ मध्ये प्रथमच एक कोटीवर गेले आणि २०१८ मध्ये तीन कोटींवर. म्हणजे बाजार हलला तो पाहुण्यांचा ओघ ऐन भरात असताना.

तोयोसुत या प्रश्नाला काच हे उत्तर दिले गेले. बंदिस्त, गार ठेवलेल्या दालनात टूना ओळीने मांडतात. जमीन मुद्दाम हिरवी रंगवली आहे, कारण हिरव्यावर मांसाचा लाल रंग नीट कळतो. खरेदीदार हातात विजेरी आणि आकडी घेऊन फिरतात, शेपटीच्या कापावर प्रकाश टाकतात, मांसाचा कण बोटांत चोळून चरबी अजमावतात. सगळे वरच्या सज्ज्यातून दिसते, आवाज मात्र येत नाही. खालच्या पाहणी-कक्षात, जिथे घंटा आणि पुकारा ऐकू येतो, सोडतीत नाव लागल्यावरच जाता येते. आपल्याकडच्या कोळणी ज्याला कुपा म्हणतात त्याच कुळातला हा मासा. २०१९ च्या पहिल्या लिलावात २७८ किलोच्या एकाला ३३ कोटी ३६ लाख येन आले. अर्थात तो जाहिरातीचा भाव, रोजचा नव्हे.

पाहुण्यांसाठी तोयोसुशेजारी बांधायचे संकुल वर्षानुवर्षे रखडले. आधीचे चालक बाजूला झाले, नवा चालक त्सुकिजीतल्या खाद्यकेंद्राच्या घोषणेवरून बिथरला. ते १ फेब्रुवारी २०२४ रोजी एकदाचे उघडले, जुन्या एदोचा (एदो हे टोकियोचे पूर्वीचे नाव) देखावा घेऊन. तिथल्या काही भात-मासळीच्या वाट्या पंधरा हजार येनांच्या घरात गेल्या आणि स्थानिक वृत्तपत्रांनी त्यावर तोंडसुख घेतले.

बाहेरचा बाजार मरेल असा होरा होता, तो खोटा ठरला. २०१७ च्या ऑगस्टमधल्या आगीत काही दुकाने गेली, पण सुमारे चारशे दुकाने अजून आहेत. स्थानिक पालिकेने बांधलेल्या इमारतीत काही मधल्या व्यापाऱ्यांनीही गाळे घेतले, त्यामुळे सकाळी लवकर गेल्यास सुशीवाले अजूनही खरेदी करताना भेटतात. मासळी आता तोयोसुहून ट्रकने येते. चालता चालता खाऊ नका, अशा पाट्या दुकानदारांनीच लावल्या आहेत. खायचे असेल तर विकत घेतले त्याच दुकानासमोर उभे राहून.

आतल्या बाजाराच्या जागेवर ऑलिम्पिकच्या गाड्या उभ्या राहिल्या, २०२१ मध्ये काही काळ लसीकरण केंद्र चालले. एप्रिल २०२४ मध्ये विकासकांचा गट निवडला गेला. पन्नास हजार आसनांचे स्टेडियम, हॉटेले आणि कार्यालये असा सुमारे ९०० अब्ज येनांचा प्रकल्प तिथे टप्प्याटप्प्याने २०३० च्या दशकात उभा राहायचा आहे.