आजोबांचं फौजी पिस्तूल वारसाच्या नावावर: अर्ज नेमका कुठे अडतो

आजोबा फौजेत होते. त्यांचं पिस्तूल संदुकीत आहे, आता ते गेले, आणि ही आठवण घराबाहेर जाऊ नये असं सगळ्यांना वाटतं. ही इच्छा रास्त आहे आणि कायद्यात तिला वाटही आहे. तरी खेड्यांतून जाणारे अर्ज परत येतात, कारण लोक फॉर्मपासून सुरुवात करतात. सुरुवात हत्यारापासून करायची असते.

परवानाधारक वारला की त्याच्या परवान्यावर घरच्यांना शस्त्र ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. 'तेरवी होऊ द्या, मग फेरफार होऊ द्या' असं करत वर्ष निघून जातं आणि इतके दिवस शस्त्र कुठे होतं, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान 2 आणि कमाल 5 वर्षांची शिक्षा आहे. प्रतिबंधित बोअरसाठी (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) ती बरीच जास्त आहे. कृपा करून पिस्तूल पिशवीत घालून एसटीने तालुक्याला नेऊ नका. आधी ठाण्याला कळवा आणि ते सांगतील तसं जमा करा. पोच मात्र लेखीच घ्या: शस्त्र कोणत्या कंपनीचं, बोअर, शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तीवर हवी. बहुतेकांकडे नेमकी हीच पोच नसते. जमा केलं म्हणजे गेलं, ही भीती खरी नाही. परवाना झाल्यावर ते परत मिळवण्याचा किंवा कायदेशीर विकण्याचा हक्क वारसाला आहे. पण त्याला मुदत आहे. ती टळली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं, म्हणून जमा करताच अर्जाला लागा.

आता बोअर. फौजी हत्यारांचे सर्वांत जास्त अर्ज इथे फसतात. .32 बोअरचं पिस्तूल जिल्ह्याच्या अखत्यारीत येतं. पण पहिल्या महायुद्धातलं .455 चं वेब्ली, दुसऱ्या महायुद्धातलं .380 चं एनफिल्ड रिव्हॉल्व्हर किंवा 9 एमएमचं ब्राउनिंग ही फौजी काडतुसांची शस्त्रं आहेत आणि ती प्रतिबंधित गटात मोडतात. त्यांच्या परवान्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाचा असतो, जिल्हाधिकाऱ्यांचा नाही. हे काउंटरवर पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत आहे? माणूस महिनोन्‌महिने चकरा मारतो आणि शेवटी 'हे आमच्याकडे नाही' असं ऐकतो. म्हणून नळीवरचा शिक्का आणि जुन्या परवान्यातली बोअरची नोंद आधी ताडून घ्या. दोन्ही जुळत नसतील तर तसं अर्जातच लिहा.

'गंजलंय, चालत नाही, मग परवाना कशाला?' हा दुसरा गैरसमज. कलम 45 मधली सूट नुसत्या जुनेपणाला नाही. दुरुस्ती करूनही जे शस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये 'क्युरिओ' (संग्रही ठेवण्याजोग्या जुन्या वस्तू) गटातली जुनी शस्त्रं नुसती बाळगण्याला परवान्यातून सूट मिळाली, पण वापरायला, सोबत न्यायला किंवा हलवायला परवाना लागतोच. आपलं पिस्तूल त्या गटात बसतं का, हे स्वतः ठरवू नका. परवाना अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

तिसरी अडचण मूळ कागदाची. निवृत्त होताना सैनिक सरकारी शस्त्र परत करतो. त्यामुळे घरात पिस्तूल आलं ते खरेदीने की आणखी कसं, याचा पुरावा मागतात. आजोबांचा जुना परवाना, खरेदीची पावती, डिस्चार्ज बुक शोधा. परवाना सापडत नसेल तर त्याचा क्रमांक देऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत नक्कल मागा. सेवेच्या नोंदीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते. त्या परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युआयएन (एकमेव ओळख) क्रमांक होता का, तेही विचारा. लढाईतून आणलेलं आणि कधीच नोंद न झालेलं हत्यार असेल, तर वारसाहक्काचा रस्ता जवळपास बंद आहे. वकिलाला सोबत घेऊन ते जमा करा.

वारसांची संमती हा गावातला खरा खोडा. शस्त्र नियम 2016 च्या नियम 25 प्रमाणे एका वारसाच्या नावे परवाना मिळतो, पण बाकीच्यांची हरकत नाही असं लिहून लागतं. लोक काकांच्या सह्या आणतात आणि आत्यांना विसरतात. लग्न झालेल्या मुलीही वारस आहेत. एक आत्या भंडाऱ्याला आणि दुसरी हैदराबादला असली तरी दोघींची संमती हवी. मृत्यूची नोंदच राहिली असेल आणि वर्ष उलटलं असेल, तर आधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागेल.

बाकीचं नेहमीचं. वय किमान 21, अर्ज फॉर्म ए-1, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तालुक्यात मिळेलच असं नाही, म्हणून मान्य केंद्राचं नाव शस्त्र शाखेतच विचारा. एका माणसाला जास्तीत जास्त 2 शस्त्रं; वारशाने आलेलंही त्यात मोजतात. तुम्ही कामानिमित्त नागपूर शहरात राहत असाल तर अर्ज गावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही, पोलीस आयुक्तांकडे करायचा.

कारणाच्या रकान्यात 'रानडुकरांचा त्रास' लिहू नका. त्रास खरा आहे, पण पीकरक्षणाची तरतूद वेगळ्या बंदुकांसाठी आहे आणि पिस्तुलाच्या अर्जावर ते कारण टिकत नाही. 'वडिलोपार्जित शस्त्र, वारसाहक्काने' एवढंच सरळ लिहा.

नकार आला तर तोंडी ऐकून परतू नका. कारणं लेखी मागण्याचा हक्क कलम 14 देतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे विदर्भात नागपूरला किंवा अमरावतीला, 30 दिवसांत अपील करता येतं.

आणि आजोबा हयात असतील तर हे सगळं आजच सोपं आहे. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा शस्त्र 25 वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो स्वतः वारस नेमून त्याच्या नावे परवाना मागू शकतो. पिस्तूल कुठून आलं, कागद कुठे ठेवलेत, हे त्यांना ठाऊक असतं. ते शांतपणे विचारून लिहून घ्या आणि त्यांच्याच सहीने अर्ज करा.